छोट्या ख्रिश्चन युनिव्हर्सिटीतून ऑलिम्पिक चॅम्पियन कसा घडतो? अझूसा पॅसिफिकची गोष्ट

२००८ चं बीजिंग ऑलिम्पिक म्हटलं की आपल्याला अभिनव बिंद्राचं गोल्ड आठवतं, मग बोल्ट आणि फेल्प्स. त्याच ऑलिम्पिकमध्ये ब्रायन क्ले नावाच्या अमेरिकन ॲथलीटने डेकॅथलॉनचं गोल्ड घेतलं ते मात्र फारसं कुणाच्या लक्षात नाही. ८७९१ पॉइंट्स, आणि दुसरा आलेला बेलारूसचा क्रावचेन्का तब्बल २४० पॉइंट्सनी मागे, इतक्या मोठ्या फरकाने १९७२ नंतर कुणीच डेकॅथलॉन जिंकली नव्हती. डेकॅथलॉन म्हणजे दोन दिवसांत दहा इव्हेंट. पहिल्या दिवशी १०० मीटर, लांब उडी, गोळाफेक, उंच उडी, ४०० मीटर आणि दुसऱ्या दिवशी ११० मीटर हर्डल्स, थाळीफेक, पोल व्हॉल्ट, भालाफेक आणि शेवटी अंगात काही उरलेलं नसताना १५०० मीटर. आपल्याकडे तेजस्विन शंकरने २०२३ मध्ये झालेल्या हांगझोऊ एशियन गेम्समध्ये सिल्व्हर घेतलं तेव्हा थोडी चर्चा झाली होती, तोच हा खेळ.

आता गंमत अशी की हा क्ले स्टॅनफर्ड, यूसीएलए किंवा टेक्सससारख्या कुठल्याही बलाढ्य युनिव्हर्सिटीतून आलेला नाही. तो अझूसा पॅसिफिक युनिव्हर्सिटीचा. लॉस एंजेलिसच्या ईशान्येला, सॅन गॅब्रिएल डोंगरांच्या पायथ्याशी अझूसा नावाचं छोटं शहर आहे, तिथली ही ख्रिश्चन युनिव्हर्सिटी. १८९९ मध्ये व्हिटियर या गावात मिशनरी तयार करायची शाळा म्हणून सुरू झाली, पुढे दुसरी दोन छोटी कॉलेजं तिच्यात विलीन झाली आणि १९८१ मध्ये तिला युनिव्हर्सिटी म्हणायला लागले. ब्रीदवाक्य अगदी सरळ, ‘गॉड फर्स्ट’. आणि क्ले हा तिथला एकटाच नाही. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये डेकॅथलॉनचं ब्राँझ घेणारा डेव्ह जॉन्सनसुद्धा याच युनिव्हर्सिटीचा. एवढ्याशा संस्थेतून दोन दोन ऑलिम्पिक डेकॅथलॉन मेडलिस्ट कसे निघाले, हे समजायचं तर आधी अमेरिकेतलं कॉलेज स्पोर्ट्स कसं चालतं ते बघायला लागेल, कारण आपल्या इंटर-कॉलेज स्पर्धांपेक्षा ते प्रकरण खूपच वेगळं आहे.

तिथे कॉलेजांच्या खेळांच्या मोठ्या संघटना आहेत. सगळ्यात मोठी एनसीएए, साधारण ११०० कॉलेजं तिच्यात येतात आणि तिचे तीन डिव्हिजन आहेत. डिव्हिजन १ म्हणजे टीव्हीवर दिसतं ते सगळं, लाखभर लोकांची स्टेडियम, कोट्यवधी डॉलरचे कोच. डिव्हिजन २ मध्ये स्कॉलरशिप असतात पण मोजून-मापून. डिव्हिजन ३ मध्ये खेळासाठी स्कॉलरशिप द्यायलाच बंदी. या सगळ्याच्या बाहेर एनएआयए नावाची वेगळी संघटना आहे, तिच्यात अडीचशेच्या आसपास कॉलेजं, बहुतेक छोटी, आणि त्यातली बरीच चर्चशी जोडलेली. आपल्या रणजीत एलिट आणि प्लेट गट असतात तसं काहीसं वाटेल, पण मोठा फरक हा की इथे जिंकून वर जाणं किंवा हरून खाली येणं नाही. कुठल्या गटात खेळायचं हे कॉलेज स्वतः ठरवतं, आपला खिसा आणि आपला उद्देश बघून, आणि गट बदलायचा तर अर्ज करून काही वर्षांची प्रक्रिया पार पाडायला लागते. म्हणजे कुणाशी खेळायचं हा निर्णयच आधी घ्यायचा असतो आणि छोट्या कॉलेजचं अर्धं नशीब तिथेच ठरतं. अझूसा पॅसिफिक अनेक दशकं एनएआयएमध्ये होती.

एनएआयएची सुरुवातही सांगण्यासारखी आहे. १९३७ मध्ये कॅन्सस सिटीत छोट्या कॉलेजांसाठी एक बास्केटबॉल टूर्नामेंट सुरू झाली आणि ती उभी करणाऱ्यांत खुद्द जेम्स नेस्मिथ होता, म्हणजे ज्याने १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए (तरुणांसाठी काम करणारी ख्रिश्चन संघटना) ट्रेनिंग स्कूलमध्ये बास्केटबॉल हा खेळच शोधून काढला तो माणूस. धर्मशास्त्र शिकलेला आणि खेळातून माणूस घडतो यावर मनापासून विश्वास असलेला. पुढे १९४७ मध्ये या टूर्नामेंटने जॉन वूडन या कोचच्या इंडियाना स्टेट टीमला बोलावलं, पण टीममधल्या क्लॅरेन्स वॉकर या कृष्णवर्णीय खेळाडूला खेळता येणार नाही असा नियम होता, तेव्हा वूडनने बोलावणंच नाकारलं. पुढच्या वर्षी नियम बदलला आणि वॉकर खेळला. १९८० मध्ये एनएआयएने मुलींच्या नॅशनल स्पर्धा सुरू केल्या, एनसीएएच्या आधी. छोट्यांची संघटना म्हणून तिला दुय्यम समजणाऱ्यांनी हा इतिहास जरूर वाचावा असं मला वाटतं.

आणि हा मिशनरी-वायएमसीए-बास्केटबॉल धागा थेट आपल्या मुंबईपर्यंत येतो बरं का. नागपाड्यात १९२७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी नागपाडा नेबरहूड हाऊस सुरू केलं (हेच मॅनशार्ट पुढे १९३६ मध्ये, आज ज्याला आपण टिस म्हणतो त्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचे पहिले डायरेक्टर झाले). त्या गल्ल्यांमध्ये बास्केटबॉल असा रुजला की भारतीय संघाचे कॅप्टन आणि अर्जुन पुरस्कार मिळवलेले अब्बास मुंतसिर तिथूनच आले. चर्चवाल्यांनी खेळाकडे गंभीरपणे बघितलं की काय होतं याचं हे आपल्या घरातलं उदाहरण.

आता पैशाकडे येऊ, कारण बहुतेकांचा गैरसमज इथेच असतो. ‘अमेरिकेत स्पोर्ट्स स्कॉलरशिप मिळाली’ म्हटलं की आपल्याला वाटतं सगळं फुकट. डिव्हिजन १ च्या काही खेळांत तसं असतंही. पण छोट्या ठिकाणी स्कॉलरशिप तुकड्यांत वाटतात. उदाहरणार्थ एनसीएए डिव्हिजन २ मध्ये ॲथलेटिक्ससाठी मुलांच्या टीमला १२.६ आणि मुलींच्या टीमला १२.६ पूर्ण स्कॉलरशिप एवढीच मर्यादा आहे. १२.६, आणि टीममध्ये तीस-चाळीस जण! मग कोच बसून हिशोब करतो, कुणाला अर्धी, कुणाला पाव, कुणाला नुसती पुस्तकांपुरती, आणि बाकीची फी घरचे भरतात, किंवा शैक्षणिक स्कॉलरशिप आणि लोन काढून भागवतात.

याचाच दुसरा अर्थ असा की छोट्या खासगी युनिव्हर्सिटीसाठी खेळ हा फक्त खर्च नसतो. समजा ४० जणांच्या टीमला मिळून १० पूर्ण स्कॉलरशिपएवढे पैसे दिले, तर उरलेल्या ३० जणांच्या फीएवढे पैसे कॉलेजकडे येतातच, आणि ती टीम नसती तर यातली कितीतरी मुलं त्या कॉलेजात आलीच नसती. सरकारी युनिव्हर्सिटीला राज्याचा पैसा असतो, मोठ्या टीमना टीव्हीचा असतो, छोट्या ख्रिश्चन कॉलेजला मुख्य आधार विद्यार्थ्यांच्या फीचा आणि देणगीदारांचा. म्हणून अशा कॉलेजात प्रत्येक पाच-सहा विद्यार्थ्यांमागे एक खेळाडू सापडला तरी नवल वाटायला नको. कुणी याला धंदा म्हणेल, पण मला त्यात वावगं दिसत नाही. ज्या मुलाला मोठ्या युनिव्हर्सिटीत कुणी विचारलं नसतं त्याला इथे चार वर्षं कोच मिळतो, ट्रॅक मिळतो आणि सोबत डिग्री.

चार वर्षं हा शब्द मी मुद्दाम वापरतोय, कारण अझूसाची खरी ताकद ही होती की तिथे खेळाडूला वेळ मिळायचा.

टेरी फ्रॅन्सन नावाचे कोच १९८० च्या दशकात तिथे ॲथलेटिक्स बघायचे आणि १९८३ पासून पुढची काही वर्षं त्यांच्या मुलांच्या टीमने एनएआयएचं नॅशनल टायटल सलग जिंकलं. त्या टीममध्ये नायजेरियाहून आलेली पोरं होती. त्यातला इनोसंट एगबुनिके ४०० मीटरवाला, १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये नायजेरियाच्या ४ बाय ४०० रिलेत ब्राँझ आणि १९८७ च्या रोम वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये ४०० मीटरचं सिल्व्हर. त्याची सर्वोत्तम वेळ ४४.१७ सेकंद, आजही ही वेळ कुठल्याही स्टेडियममध्ये लोकांना उभं करेल.

दुसरा ख्रिश्चन ओकोये. ख्रिश्चन हे त्याचं नाव. हा थाळीफेक आणि गोळाफेकवाला, अंगाने धिप्पाड, वजन ११५ किलोच्या वर आणि तरीही स्प्रिंटरसारखा पळणारा. १९८४ च्या ऑलिम्पिकसाठी नायजेरियाने त्याला निवडलंच नाही. त्याचं मन मोडलं आणि मित्रांच्या आग्रहावरून तो अमेरिकन फुटबॉल खेळायला लागला, वयाच्या तेविसाव्या वर्षी. हे किती उशिरा आहे ते लक्षात घ्या, अमेरिकेतली पोरं हा खेळ आठ-नऊ वर्षांची असल्यापासून खेळतात. एखाद्या बलाढ्य टीममध्ये तेवीस वर्षांच्या नवशिक्याला कुणी मैदानात उभंही केलं नसतं. अझूसाने केलं. १९८७ मध्ये एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या प्रोफेशनल लीगमधल्या कॅन्सस सिटी चीफ्सने त्याला ड्राफ्टच्या, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या, दुसऱ्या राउंडमध्ये घेतलं आणि १९८९ च्या सीझनमध्ये १४८० यार्ड पळून तो अख्ख्या एनएफएलमध्ये पहिला आला. बॉल हातात घेऊन पळणारा हा माणूस समोर आला की डिफेंडर अक्षरशः उडायचे, लोकांनी त्याचं नावच ‘नायजेरियन नाइटमेअर’ ठेवलं.

मग डेव्ह जॉन्सन. १९९२ मध्ये रीबॉक कंपनीने ‘डॅन अँड डेव्ह’ नावाची जंगी जाहिरात मोहीम काढली होती, जगातला सर्वश्रेष्ठ ॲथलीट कोण, डॅन ओब्रायन की डेव्ह जॉन्सन, फैसला बार्सिलोनात. झालं असं की अमेरिकेच्या ट्रायल्समध्येच ओब्रायन पोल व्हॉल्टच्या एकाही प्रयत्नात बारवरून जाऊ शकला नाही, शून्य पॉइंट्स, आणि तो ऑलिम्पिक टीममधूनच बाहेर पडला. सगळं ओझं डेव्हच्या अंगावर आलं. आणि डेव्हच्या पायात स्ट्रेस फ्रॅक्चर. त्या पायावर त्याने दहाही इव्हेंट पूर्ण केले आणि ब्राँझ घेतलं. चेकोस्लोव्हाकियाच्या झ्मेलिकने गोल्ड नेलं, स्पेनच्या पेन्यालव्हेरने आपल्या लोकांसमोर सिल्व्हर. (ओब्रायननेही चार वर्षांनी अटलांटात गोल्ड घेऊन कसर भरून काढली.) मोडलेल्या पायाने १५०० मीटर पळणं म्हणजे काय ते ज्याने शाळेत एकदा तरी लंगडत रेस पूर्ण केलीय त्याला थोडंफार कळेल. माझ्या मते त्या ब्राँझचं मोल कित्येक गोल्डपेक्षा जास्त आहे.

ब्रायन क्ले अझूसात आला तेव्हा तिथे डेकॅथलॉनची ही परंपरा तयार होती. तो हवाईमध्ये वाढलेला, आई जपानी, वडील आफ्रिकन-अमेरिकन, उंची पाच फूट अकराच्या आसपास. डेकॅथलॉनवाल्यांमध्ये ही उंची कमीच, बाकीचे बहुतेक सहा-दोन, सहा-तीन. केव्हिन रीड या कोचने त्याला हातात घेतलं. २००४ अथेन्समध्ये ८८२० पॉइंट्स करून सिल्व्हर, चेक रिपब्लिकच्या रोमन शेब्रलेच्या मागे. २००५ मध्ये हेलसिंकीला वर्ल्ड चॅम्पियन. २००८ मध्ये बीजिंगला गोल्ड. त्याच वर्षी आणि परत २०१० मध्ये वर्ल्ड इनडोअरमध्ये हेप्टॅथलॉनचं, म्हणजे सात इव्हेंटच्या स्पर्धेचं गोल्ड. बांधा लहान असूनही थाळी तो इतकी लांब टाकायचा की डेकॅथलॉनच्या इतिहासात त्याचं नाव थाळीफेकीसाठी वेगळं घेतात.

हा खेळ छोट्या युनिव्हर्सिटीला का जमला यावर माझं एक मत आहे. मोठ्या युनिव्हर्सिटीचे कोच भरती करताना आकडे बघतात, १०० मीटर किती सेकंदात, उडी किती मीटर. जो पोरगा पाच गोष्टींत चांगला आहे पण एकाही गोष्टीत राज्यात पहिला नाही तो त्यांच्या यादीत खाली जातो. डेकॅथलॉनला नेमका असाच पोरगा लागतो. शिवाय या खेळात शिकायला प्रचंड आहे, नुसता पोल व्हॉल्ट नीट यायला काही वर्षं जातात, त्यामुळे डेकॅथलीट पिकतो उशिरा, पंचविशी-अठ्ठाविशीत. क्ले गोल्ड जिंकला तेव्हा २८ वर्षांचा होता, कॉलेज संपून बरीच वर्षं झालेली, आणि तरीही कोच तोच, रीड. डिग्री झाली म्हणून त्याला कुणी मोकळं केलं नाही. मोठ्या ठिकाणी कोच स्वतःच तीन-चार वर्षांत जास्त पगारावर दुसरीकडे जातो, इथे माणसं टिकली.

सगळ्या खेळांचं मिळून बघायचं तर डायरेक्टर्स कप हे माप आहे. वर्षभरात प्रत्येक खेळाच्या नॅशनल स्पर्धेत तुमची टीम कितवी आली यावर पॉइंट्स मिळतात, मुलांच्या आणि मुलींच्या ठरावीक संख्येच्या खेळांची बेरीज होते आणि ज्याची जास्त त्याचा कप. म्हणजे एकाच टीमवर पैसा ओतून हा कप मिळत नाही, सॉकर, व्हॉलीबॉल, क्रॉस कंट्री, बास्केटबॉल, टेनिस, सगळीकडे बरं खेळायला लागतं. अझूसा पॅसिफिकने एनएआयएचा हा कप २००४-०५ ते २०११-१२ अशी सलग आठ वर्षं जिंकला. आणि त्यात मुलींच्या टीमचा वाटा मुलांइतकाच, कारण मोजणीच तशी आहे. १९७२ च्या टायटल नाइन कायद्याने सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत मुलींना समान संधी देणं बंधनकारक केलं, पण कायदा पाळण्यापुरती टीम काढणं वेगळं आणि ती जिंकावी म्हणून कष्ट घेणं वेगळं.

बेसबॉलमध्येही अझूसाने एक मोठं नाव दिलं, स्टीव्हन व्होट. २००७ मध्ये टँपा बे रेजने त्याला ड्राफ्टच्या बाराव्या राउंडमध्ये घेतलं, २०१२ मध्ये मेजर लीग या सगळ्यात वरच्या लीगमध्ये उतरला आणि पहिल्या ३२ वेळा बॅटिंग करून एकही हिट नाही. तेहतिसाव्या वेळी, तोपर्यंत टीम बदलून तो ओकलंडला आला होता, थेट होमरन, म्हणजे आपल्या सिक्ससारखा फटका. पुढे दोनदा ऑल-स्टार, आणि २०२४ मध्ये क्लीव्हलँड गार्डियन्सचा मॅनेजर म्हणून पहिल्याच वर्षी अमेरिकन लीगचा मॅनेजर ऑफ द इयर.

यात धर्माचा भाग किती? आहे, आणि तो लपवलेला नाही. चॅपल म्हणजे सामूहिक प्रार्थनेला हजेरी हा विद्यार्थीजीवनाचा नेहमीचा भाग, मॅचआधी प्रार्थना, सुट्टीत सेवाकार्यासाठी परदेशी जाणं, हे सगळं चालतं. कोचची नेमणूक करताना त्याची श्रद्धाही बघितली जाते. प्रत्येकाला हे मानवेल असं नाही, आणि ज्याला नको त्याने अशा ठिकाणी जाऊ नये हे बरं. पण टिकून राहणाऱ्या कोचचा मुद्दा मी वर काढला, त्याचं एक उत्तर इथे आहे असं मला वाटतं. कमी पगारात वीस-तीस वर्षं एकाच ट्रॅकवर उभं राहणाऱ्या माणसाला ते काम नोकरीपेक्षा मोठं वाटत असणार.

२०१२ नंतर अझूसाने एनएआयए सोडून एनसीएए डिव्हिजन २ मध्ये जायला सुरुवात केली आणि २०१४ मध्ये पूर्ण सदस्यत्व मिळालं. या बदलाचा सगळ्यात मोठा फटका फुटबॉलला बसला. हीच ती टीम, जिने १९९८ मध्ये ऑलिव्हेट नाझरीन या दुसऱ्या ख्रिश्चन युनिव्हर्सिटीला १७-१४ ने हरवून एनएआयएचं नॅशनल टायटल घेतलं होतं. डिव्हिजन २ मध्ये कॅलिफोर्नियात फुटबॉल खेळणारी कॉलेजं एकेक करून कमी झाली, २०१८ नंतर अख्ख्या राज्यात या पातळीवर अझूसा एकटीच उरली. म्हणजे शेजारी खेळायला कुणी नाही, बाहेरच्या प्रत्येक मॅचला शंभराच्या आसपास माणसांचा लवाजमा विमानाने वॉशिंग्टन राज्यात न्या, ओरेगॉनला न्या. मगाशी म्हटलं तो फीचा हिशोब या प्रवासखर्चापुढे उलटा पडतो. त्यात कोविड आला. डिसेंबर २०२० मध्ये युनिव्हर्सिटीने फुटबॉल बंद केल्याचं जाहीर केलं. ओकोयेची टीम बंद झाली, वाईट वाटलं, पण निर्णय समजतो.

खरी काळजी दुसऱ्याच गोष्टीची आहे. अमेरिकेत आता कॉलेज खेळाडूंना जाहिरातीतून पैसे कमवता येतात, २०२५ पासून मोठ्या युनिव्हर्सिटी खेळाडूंना थेट पैसेही देऊ शकतात आणि कॉलेज बदललं तर पूर्वी जे एक वर्ष बाहेर बसायला लागायचं ते आता लागत नाही. खेळाडूंच्या बाजूने बघितलं तर हे योग्यच आहे, त्यांच्या घामावर इतकी वर्षं दुसरेच कमवत होते. पण छोट्या कॉलेजचं काय होतं ते ओरल रॉबर्ट्सकडे बघून कळतं. ओक्लाहोमातल्या टल्साची ही पण छोटी ख्रिश्चन युनिव्हर्सिटी, फरक एवढाच की ती डिव्हिजन १ मध्ये खेळते. २०२१ च्या एनसीएए बास्केटबॉल टूर्नामेंटमध्ये ती आपल्या गटात १६ पैकी १५ व्या सीडवर, म्हणजे कागदावर खालून दुसरी होती आणि तिने आधी ओहायो स्टेटला हरवलं, मग फ्लोरिडाला, आणि शेवटच्या १६ मध्ये अर्कान्साकडून फक्त दोन पॉइंट्सनी हरली. मॅक्स अब्मास नावाचा छोट्या चणीचा गार्ड त्या वर्षी देशात सर्वाधिक सरासरीने पॉइंट्स काढणारा खेळाडू होता. हायस्कूलमध्ये त्याच्याकडे मोठ्या टीमनी फारसं बघितलं नव्हतं, घडवलं ओरल रॉबर्ट्सने. तो तिथे चार वर्षं राहिला आणि उरलेल्या एका वर्षासाठी २०२३ मध्ये टेक्ससला गेला. कोच पॉल मिल्सही त्याच वर्षी विचिटा स्टेटला गेले.

चार वर्षं तरी राहिला. आजची पोरं एका चांगल्या सीझननंतर निघतात आणि त्यांना दोष देता येत नाही, समोर पैसे दिसत असताना कुणीही जाईल. फक्त विचार करा, उंचीने कमी आणि अजून पोल व्हॉल्ट शिकत असलेला क्ले आज दुसऱ्या वर्षाला असता, एक नॅशनल मेडल गळ्यात, तर त्याला फोन आले असतेच. तो गेला असता आणि नवीन ठिकाणी नव्या कोचने त्याला सांगितलं असतं की तू थाळी चांगली फेकतोस तर फक्त थाळीच फेक, कारण टीमला याच सीझनमध्ये तेवढे पॉइंट्स हवेत.